तुम्ही का हसला ते कळवावे

तात्या इंचनाळकरांना पत्र आलं आणि त्याला उत्तर गेलं नाही, असं सहसा घडत नसे. लग्नपत्रिका आली की ते लग्नाला जावोत न जावोत, शुभाशीर्वादाचं कार्ड वेळेत पोचायचं. एकदा तर पंचांग छापणाऱ्या कुणा कंपनीनं जाहिरात पाठवली, तिलाही त्यांनी 'आपले पंचांग घरी आहे, तूर्त गरज नाही, लोभ असावा' असं उत्तर धाडलं होतं. त्यावरून त्यांची बायको कुमुदिनीबाई वर्षभर हसत होत्या. गडहिंग्लजच्या हायस्कुलात मराठी शिकवण्यात जन्म गेलेला माणूस. पुस्तकात मान घालून बसायचं, कुणी दारात आलं की आधी चष्मा शोधायचा आणि मग शब्द. तोंडानं जे जमत नाही ते पोस्टानं करायचं, असा त्यांचा स्वभावच पडून गेला होता.

अशा माणसानं एका पत्राला सात वर्षं उत्तर दिलं नाही.

पत्र हरवलं नव्हतं. तात्या ते विसरलेही नव्हते. उलट पाठ होतं त्यांना. नेसरीच्या अलीकडं, रस्ता सोडून आत गेलं की ओढ्याकाठी बौद्धवस्ती आहे, तिथून ते आलं होतं. आणि त्यात एकच गोष्ट विचारली होती.

पण त्यासाठी तात्या मेंबर कसे झाले, ते आधी सांगायला हवं.

सत्त्याण्णवच्या झेडपीच्या निवडणुकीत त्या भागातले दोन गट तिकिटावरून अडून बसले. याचा माणूस त्याला चालेना, त्याचा याला. तेव्हा साखर कारखान्याचे एक संचालक होते बाळासो. अंगापिंडानं दांडगे, आवाज पहाडी, आणि सगळा भाग त्यांच्या शब्दावर उठणारा-बसणारा. ते म्हणाले, "अरं, ते इंचनाळकर मास्तर हायत की! निम्म्या तालुक्याला शिकवलंय. ना कुनाच्या अध्यात, ना मध्यात." दुसऱ्या दिवशी जीप भरून माणसं तात्यांच्या दारात आली. चहा झाला. तात्या 'नाही' म्हणायला तोंड उघडतात तोवर गळ्यात हार पडला आणि फोटोही निघाला.

"तुम्हाला भाजीवाल्याला कधी नाही म्हणता आलं नाही," माणसं गेल्यावर कुमुदिनीबाई म्हणाल्या. "किडकी वांगी घेऊन येता. झेडपी काय चालवणार?"

तात्या हसले.

हे त्यांचं हसणं म्हणजे एक निराळंच प्रकरण होतं. दांडग्या माणसापुढं बसलं की ते आपोआप ओठांवर येऊन बसायचं. त्यात आनंद नसे की गंमत नसे. लहानपणी चुलत्यांच्या घरी आश्रित म्हणून शिकताना ते त्यांना लागलं होतं. चुलते रागावले तरी हसायचं, ताटात कमी पडलं तरी हसायचं. पुढं नोकरी लागली, स्वतःचं घर झालं, केस पिकले, पण हसू काही सुटलं नाही.

मेंबर झाल्यावर दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, त्या वस्तीच्या गावात शाळेच्या खोलीचं उद्घाटन होतं. मांडवात मधल्या खुर्चीवर बाळासो आणि त्यांच्या शेजारी तात्या. भाषणं झाली, नारळ फुटला, आणि बाळासो म्हणाले, "कुनाला काय सांगायचं आसंल तर सांगा. मेंबर ऐकाय बसल्यात."

मांडवाच्या पार कडेला वस्तीतली माणसं उभी होती. त्यातून धोंडीराम गवंडी चार पावलं पुढं आला. पांढरा सदरा घालून आला होता, बहुतेक बोलायचं ठरवूनच.

"साहेब, आमच्या वस्तीचं मसनवट वड्याच्या पल्याड हाय," तो म्हणाला. "पावसात वडा भरला की मढं घिऊन जाता येत न्हाय. गेल्या साली माझ्या थोरल्या भावाला दोन दीस घरात ठिवलं. घरात बारकी पोरं. वास सुटला. आमाला एक साकव द्या. माणसं चालत पल्याड जातील एवढाच. जास्त काय न्हाय."

मांडव गप्प झाला. गावाची स्मशानभूमी ओढ्याच्या अलीकडंच होती, चांगली पत्र्याची शेड घातलेली. वस्तीला पलीकडं का जावं लागतं, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते कुणीच बोलणार नव्हतं. अशा गप्प बसण्याला फार वेळ दिला तर ते बोलायला लागतं. बाळासोंना ते कळत होतं. त्यांनी मांडी थोपटली.

"आरं धोंडीराम, गेलेल्याला कसली रं घाई? त्याला काय कोल्हापूरची यष्टी गाठायचीय?"

मांडव खदखदून हसला. सुटल्यासारखा हसला. बाळासो हसले आणि हसता हसता त्यांनी शेजारी वळून तात्यांकडं बघितलं.

तात्याही हसले.

धोंडीराम जरा वेळ तसाच उभा राहिला. तो बाळासोंकडं बघत नव्हता. तो तात्यांकडं बघत होता. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल उगाच सारखा केला आणि मागं जाऊन उभा राहिला.

साकवाचं तात्यांनी टिपून घेतलं होतं. पण त्या वर्षीचा निधी गावाच्या वेशीवर कमान बांधायला गेला. बाळासोंनी कागद पुढं सरकवला, बोट ठेवून जागा दाखवली, आणि तात्यांनी सही केली.

पुढच्या पावसाळ्यात धोंडीराम गेला. छातीत कळ आली आणि ओट्यावर बसल्या जागी गेला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. ज्या घरात त्यानं भावाला ठेवलं होतं त्याच घरात त्याला ठेवावं लागलं. बायको आक्काताई उशाशी बसून वारा घालत होती. पाणी उतरलं तेव्हा कुठं माणसं त्याला छातीभर पाण्यातून पलीकडं घेऊन गेली.

कोल्हापूरकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. राख सावडायची, आणि मग जमलेल्या माणसांनी गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलायचे, ही रीत. इथला पुढारी एक वेळ लग्न चुकवील, पण रक्षाविसर्जन चुकवणार नाही. बाळासोंना त्या दिवशी कारखान्याची मीटिंग निघाली. तात्या मात्र गेले. मनापासून गेले. ओढ्याला अजून मांडीभर पाणी होतं. चपला हातात घेऊन, धोतर खोचून, ते धडपडत पलीकडं पोचले. खिशात श्रद्धांजलीचा कागद होता. दोनदा खाडाखोड करून लिहिलेला, भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

त्रिशरण, पंचशील झालं. वस्तीतला एक जण म्हणाला, "आता मेंबर दोन शब्द बोलतील."

तात्यांनी पिशवीतून कागद काढला. एवढ्यात आक्काताई उठली. बायका असल्या वेळी मागं बसतात, बोलत नाहीत. ती उठली तशी बाकीच्या बायकांनी तिचा पदर धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"मेंबर, कागुद खिशात ठेवा," ती म्हणाली. "मी एक इचारतो, तेवढं सांगा."

बायकांनी हात मागं घेतले.

"माझ्या मालकानं साकव मागितला तवा बाळासो बोलला. त्यो बोलनारच. त्याचं त्वांडच तसलं. त्याला मी इचारत न्हाय. पर मत आमी तुमास्नी दिल्तं. मास्तर मानूस, चार बुकं वाचल्यालं मानूस, म्हणून दिल्तं. हे घरला आले त्या दिशी आनि जेवले न्हाईत. म्हनले, बाळासोचं काय न्हाय गं, पर मास्तर हासला. मेंबर, तुमी का हासला?"

समोर राख होती, अजून ओलसर, कडेनं फुलं टाकलेली. भोवती माणसं. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी आवाज चढवला नव्हता. सगळे नुसते वाट बघत होते. इतकी माणसं आपल्या तोंडाकडं बघताहेत, आणि आपल्याला एक शब्द सुचत नाही, याची त्यांना भीती वाटली. आणि मग जे व्हायला नको तेच झालं. त्यांना ते ओठांच्या कडेला जाणवलं. आवरायला गेले तर जास्तच ताणलं.

"आयला! बघा, बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. "परत हासालाय!"

चार पोरं ताडकन उठली. आक्काताईनं हात आडवा घातला.

"बसा खाली. कुनी अंगाला हात लावायचा न्हाय." मग ती आपल्या मुलाला म्हणाली, "संघर्षा, त्यांस्नी वड्यातनं नीट पल्याड घालीव जा. पान्याला अजून वढ हाय."

संघर्षनं तात्यांचा हात धरला आणि त्यांना ओढ्यातून अलीकडं आणलं. हात अगदी घट्ट धरला होता. तोंड मात्र सबंध वेळ दुसरीकडं होतं. काठावर पोचल्यावर त्यानं हात सोडला, आपला तळवा पँटला पुसला आणि परत पाण्यात उतरला.

त्यानंतर महिन्याभरात ते पत्र आलं. आक्काताईची सून शिवानी बालवाडी चालवायची, तिच्या हातचं. अक्षर गोल, पाटीवर मुलांना गिरवायला द्यावं तसं.

'मा. मेंबरसाहेब, जय भीम. सासूबाई सांगतात आणि मी लिहिते. तुम्हाला बोलता येत नाही हे त्या दिवशी आम्ही सर्वांनी पाहिले. पण तुम्हाला लिहिता चांगले येते असे ऐकले. म्हणून हे पत्र. साकव देणे न देणे हा वेगळा विषय आहे, तो आम्ही वेगळ्या अर्जाने मागू. तुम्ही का हसला ते कळवावे. उत्तर आले की रविवारी विहारात वाचून दाखवू. घाई नाही, सवडीने लिहा.'

खाली वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे.

'घाई नाही' हे शब्द टोमणा म्हणून लिहिलेत की खरोखरच सवड म्हणून, हे तात्यांना कधीच ठरवता आलं नाही. पण बाकीचं पत्र त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या माणसांनी आपल्याला राखेपुढं उभं करून विचारलं, त्यांनीच आपली अडचण ओळखली होती. तोंडानं जमत नसेल तर लिहा, म्हणत होती. एवढं सोपं करून कुणी आजवर त्यांना काही विचारलं नव्हतं.

त्यांनी त्याच आठवड्यात उत्तर लिहिलं. साकवाचं अंदाजपत्रक, निधीची अडचण, तांत्रिक मंजुरी, सगळं व्यवस्थित, मुद्देसूद. कुमुदिनीबाईंनी ते शेंगा सोलता सोलता वाचलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण हे त्यांनी कुठं विचारलंय?"

मग दुसरं लिहिलं. त्यात चुलत्यांचं घर आलं, आश्रितपण आलं, लागलेली खोड आली. लिहिताना त्यांचेच डोळे भरून आले. सकाळी वाचलं आणि लाज वाटली. दोन दिवस प्रेत घरात ठेवलेल्या बाईला आपण पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं कमी पडलेलं ताट दाखवतोय! त्यांनी ते फाडलं. मग तिसरं, चौथं. कधी फार गोड व्हायचं, कधी फार विद्वान. उत्तर म्हणून जे होतं ते तसं एका ओळीचं होतं आणि तात्यांना ते माहीत होतं. म्हणून तर ते चार पानं लिहीत होते.

अखेर त्यांच्या मनानं एक पळवाट काढली. साकवच करून द्यावा. साकव झाला की उत्तराची गरज उरणार नाही.

एका संध्याकाळी ते बाळासोंच्या बंगल्यावर गेले. वाटेभर एक वाक्य घोकत गेले: 'साकव धरला नाही तर यंदाच्या कुठल्याच कागदावर मी सही करणार नाही.' बाळासो झोपाळ्यावर बसले होते.

"या, मेंबर! काय काढलं?"

"ते... वस्तीच्या साकवाचं."

"त्या बाईनं तुमास्नी लईच पछाडलंय बघा," बाळासो म्हणाले. "आवो तात्या, आज ह्यांना साकव दिला की उद्या शेड मागतील, परवा म्हनतील आलीकडंच जाळतो. गावाला काय सांगू मी? तुमी भली मानसं, बुकं वाचा निवांत. बघू की म्होरच्या बजेटात."

तात्यांनी तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेपर्यंत आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"बघा, जमलं तर," ते म्हणाले. आणि पुन्हा ते हसू.

दोन हजार दोनला मुदत संपली. दुसऱ्यांदा त्यांना कुणी विचारलं नाही, याचं त्यांना दुःख झालं नाही. वस्तीनं मात्र त्या निवडणुकीत आपल्या परीनं हिशेब मांडला. जो उमेदवार मतं मागायला येईल त्याला आधी विहारासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "मत देतो, पर हासनार न्हाय न्हवं?" कुणी रागावून गेलं, कुणी गोंधळलं. बाळासोंच्या विरोधातला एक तरुण होता, तो गोंधळला नाही. त्यानं काय झालं होतं ते नीट विचारून घेतलं, ओढ्यापर्यंत चालत जाऊन आला, आणि निवडून आला. दोन हजार चारला साकव झाला. त्याच्या नावाची फरशी बसली. उद्घाटनाचं बोलावणं तात्यांना आलं नाही. कशाला येईल?

साकव झाल्याचं कळलं तेव्हा तात्यांना वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. पत्र तसंच राहिलं.

त्या सुमाराला एकदा ते गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर चंदगडच्या गाडीची वाट बघत होते. बाकावर शेजारी एक बाई पोराला दटावत होती. पोरानं काहीतरी सांडलं होतं आणि वर दात काढत होतं. बाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"चूक क्येली ती क्येली आनि वर मेंबरावानी हासतंय!"

पोराला त्याचा अर्थ ठाऊक असेल असं वाटलं नाही. बाईला तरी कितपत ठाऊक होता कोण जाणे. तिकडच्या भागात आता ती नुसती बोलायची पद्धत झाली होती. तात्या हळूच उठले, चंदगडची गाडी लागली होती ती सोडून दिली आणि चालत घरी आले. कुमुदिनीबाईंना त्यांनी हे सांगितलं नाही.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आलं: आक्काताई धोंडीराम, वय, मागे मुलगा, सून, नातवंडं. रक्षाविसर्जन उद्या सकाळी.

"जाणार?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"जातो."

"काय बोलणार?"

"सांगतो काय ते. एकदाचं सांगून टाकतो."

या वेळी खिशात कागद नव्हता. नेसरीची गाडी, मग वस्तीपर्यंत चालत. वेशीत कमान होती, रंग उडालेली. तिच्याखालून जाताना तात्यांनी मान वर केली नाही. ओढा तुडुंब भरला होता. साकवावरून माणसं दोन-दोन, चार-चार अशी बोलत पलीकडं चालली होती. खाली एवढं पाणी गर्जतंय याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लहान मुलंसुद्धा बरोबर होती. तात्या कठड्याला धरून चालले.

ते कडेला जाऊन उभे राहिले. शेजारचा एक तरुण आदरानं सरकला आणि म्हणाला, "या, हिकडं उभा ऱ्हावा. पावणं कुठलं?"

"गडहिंग्लजचा," तात्या म्हणाले.

"आज्जीच्या वळकीचं?"

"हो. ओळख होती."

त्यानं मान डोलावली. बस्स. तात्या भोवती बघत राहिले. जुन्या चेहऱ्यांतले काही दिसत होते, पण ते म्हातारे झाले होते आणि त्यांच्या नजरा तात्यांवरून सरळ पुढं जात होत्या. पोरं ताडकन उठतील, आपल्याला कुणी अडवील, 'कशाला आला' म्हणेल, हे सगळं त्यांनी एसटीत मनाशी घोळवलं होतं. आपल्याला कुणी ओळखणारच नाही, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

त्रिशरण झालं. कुणी कुणी बोललं. आक्काताईच्या हातच्या भाकरीबद्दल, तिच्या तोंडाळपणाबद्दल. एक म्हातारी बोलता बोलता रडायला लागली, तिला बसवलं. मग विचारलं गेलं, "आनि कुनाला बोलायचं हाय?"

तात्यांनी एक पाऊल टाकलं. विचारणाऱ्याची नजर त्यांच्यावर आली आणि पाहुणा म्हणून पुढं गेली. "न्हाय न्हवं? मग शेवटचं सरनत्तय म्हनू या." सगळ्यांनी हात जोडले. वेळ गेली.

परतताना साकवाच्या तोंडाशी शिवानी त्यांच्यासमोर आली. केस कानशिलाशी पांढरे झाले होते. तिनं ओळखलं होतं.

"मेंबर," ती म्हणाली, "आलासा?"

त्या शब्दानं तात्यांना भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना मेंबर म्हटलं होतं.

"शिवानीताई, उशीर झाला. फार उशीर झाला. त्या... विचारायच्या का?"

"विचारायच्या की. दर रविवारी. आलं का गं मेंबराचं? मग आम्ही हसायचो. संघर्ष तर चिडायचा, म्हणायचा, आई, त्यो कशाला लिवतोय, इसर की आता. तर म्हणायच्या, लिवतील. भ्याल्यात जरा. मास्तर हाय, उत्तर दिल्याबिगार ऱ्हानार न्हाय." ती थांबली. "शेवटी दवाखान्यात पण एकदा विचारलं."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओढ्याचा आवाज एवढा होता की हळू बोललेलं दुसऱ्याला ऐकू जाणार नव्हतं. त्यांना धीर आला.

"मी आता सांगतो तुम्हाला," ते म्हणाले. "त्या दिवशी मी..."

"नको," शिवानी म्हणाली.

तात्या थांबले.

"मला एकटीला सांगू नका. हसला ते मांडवात, सगळ्यांसमोर. आणि सांगणार माझ्या एकटीच्या कानात? पत्र सासूबाईंचं एकटीचं नव्हतं. खाली सह्या होत्या. त्यातली बरीच माणसं अजून हायत."

"आता कुणाला आठवतंय? मला तर कुणी ओळखलंही नाही."

"तुम्हाला नसतील ओळखत. हसला ते आठवतंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं सांगत होती. "लिहा. मी वाचून दाखवीन विहारात. पण गोड लिहू नका. आणि लांबड लावू नका, पोरं कंटाळतात."

कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

घरी आल्यावर तात्या न जेवता लिहायला बसले. तासाभरात उठले. या वेळी फाडाफाड नव्हती. कुमुदिनीबाईंनी डोळ्यांशी धरून वाचलं.

'वस्तीतील सर्वांस जय भीम. मी का हसलो ते तुम्ही विचारले होते. धोंडीराम सांगत होता ते खरे आहे, हे मला माहीत होते. तुम्हाला पलीकडे का जावे लागते, तेही माहीत होते. बाळासो बोलले ते वाईट बोलले, हे मला तिथल्या तिथे कळले होते. तरी मी हसलो. ते माझ्या शेजारी बसले होते आणि धोंडीराम लांब उभा होता. शेजारच्या माणसाची मला भीती वाटली, लांबच्या माणसाची वाटली नाही. एवढेच कारण आहे.

रक्षाविसर्जनाला हसलो ते तुमच्या भीतीने. मला हसायचे नव्हते. पण आक्काताईंनी जे पाहिले ते हसणेच होते.

साकवाआधी कमान झाली, त्या कागदावर सही माझी आहे.

हे उत्तर आक्काताई असताना यायला हवे होते. आले नाही.'

खाली पूर्ण नाव.

कुमुदिनीबाईंनी कागद खाली ठेवला.

"माफी नाही मागितली?"

"मागितली असती," तात्या म्हणाले. "पण मग त्यांना ती द्यायची का नको ते ठरवत बसावं लागेल. त्यांच्याकडं अजून काय काय मागू?"

"वाचून झाल्यावर तुमच्या नावानं बोलतील सगळे."

"बोलतील."

"रविवारी तुम्ही जाणार तिथं?"

तात्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, तिचा अर्थ त्यांचा त्यांनाही लागला नाही. कुमुदिनीबाई उठल्या, देवळीतून पाकीट आणि तिकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"पत्ता सुवाच्य घाला," त्या म्हणाल्या, आणि पान वाढायला गेल्या.

सकाळी पाऊस भुरभुरत होता. पोस्टाच्या दारातल्या पेटीपाशी तात्या छत्री मानेत धरून उभे राहिले. पाकीट त्यांनी पेटीच्या तोंडात अर्धं घातलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. रविवार त्यांना दिसायला लागला. विहारात सतरंजीवर बसलेली माणसं, शिवानीचा स्वच्छ आवाज, 'शेजारच्या माणसाची मला भीती वाटली' या ओळीला मान वर करून बघणारा संघर्ष. मागच्या बाजूला कुणीतरी कुजबुजेल, कोण गं हे? कुणीतरी सांगेल. कुणाला हसू येईल, आलं तर येईल. आणि ज्या बाईनं दर रविवारी विचारलं, तिची जागा त्यात रिकामी असेल. कितीही खरं लिहिलं तरी ती जागा भरणार नव्हती. पाकिटाची कड भिजायला लागली.

"ओ आजोबा," मागं एक माणूस मनीऑर्डरीचा फॉर्म डोक्यावर धरून भिजत उभा होता. "टाकताय का सरकताय?"

"टाकतो," तात्या म्हणाले, आणि टाकलं.